भाकरीपुरती विद्या

२६ मे १७८९, मंगळवारची संध्याकाळ. आजच्या जर्मनीतल्या येना या लहानशा विद्यापीठाच्या गावात सहा वाजता एका नव्या प्राध्यापकाचं पहिलं व्याख्यान होतं. हॉल लहान, जेमतेम ऐंशीएक माणसं मावतील एवढा. साडेपाचलाच तो भरला. मग जिना भरला, बाहेरची जागा भरली, आणि तरी रस्त्यावरून पोरं येतच होती. शेवटी ठरलं की लांबच्या एका सहकाऱ्याच्या घरी मोठा हॉल आहे, तिकडे जाऊ. पुढची जागा पकडायला सगळी पोरं रस्त्यावरून धावत सुटली. लोकांना वाटलं कुठेतरी आग लागली. गढीवरचे पहारेकरीसुद्धा सावध झाले. या गर्दीच्या मागून व्याख्याता चालत आला आणि चारशेहून अधिक विद्यार्थ्यांसमोर उभा राहिला. विषय होता, जगाचा इतिहास म्हणजे काय आणि तो शिकायचा कशासाठी?

व्याख्यात्याचं नाव फ्रीडरिश शिलर. वय एकोणतीस, म्हणजे साधारण माझ्याच वयाचा. बीथोवनच्या नवव्या सिंफनीत शेवटी जे समूहगान येतं ते याच्या कवितेवरचं, एवढी त्याची ओळख आपल्याकडे बऱ्याच जणांना असते. पण त्या संध्याकाळी पोरं धावली ती इतिहासाच्या प्राध्यापकासाठी. आणि त्या प्राध्यापकाने इतिहासाबद्दल बोलायच्या आधी समोर बसलेल्या पोरांनाच एक प्रश्न टाकला. तुम्ही इथे कशासाठी आला आहात?

मी इंजिनियर आहे. हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाही विचारला तर उत्तर अर्ध्या सेकंदात येतं. प्लेसमेंटसाठी. म्हणूनच शिलरचं व्याख्यान वाचताना मला इतिहास शिकल्यासारखं वाटलं नाही. कुणीतरी कॉलर धरल्यासारखं वाटलं.

दोन प्रकारचे विद्यार्थी

शिलर म्हणतो, विद्यापीठात दोन जातीची माणसं येतात. पहिल्यासाठी त्याने वापरलेल्या जर्मन शब्दाचा सरळ अर्थ होतो ‘भाकरीसाठी विद्वान झालेला’. मराठीत त्याला याहून नेमका शब्द तयार आहे: पोटार्थी. दुसऱ्याला तो तत्त्वचिंतक बुद्धीचा माणूस म्हणतो.

पोटार्थी विद्वानाचं त्याने काढलेलं चित्र फार निर्दय आहे. या माणसाला एखादं पद मिळवायचं असतं, त्या पदाच्या अटी पूर्ण करायला जेवढं लागेल तेवढंच तो शिकतो. सिलॅबसबाहेरचा प्रत्येक तास त्याला वाया गेल्यासारखा वाटतो. आपल्या विषयाभोवती तो कुंपण घालतो, कारण शेजारच्या विषयाशी संबंध जोडला तर आणखी शिकावं लागेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच्या शास्त्रात काही नवा शोध लागला की तो हादरतो. जुनं ज्ञान हा त्याचा दुकानातला माल असतो. नवा शोध म्हणजे त्या मालाची किंमत शून्य. म्हणून सुधारणेला सगळ्यात कडवा विरोध हाच माणूस करतो. सत्याशी त्याचं वैर नसतं, पण प्रत्येक नवं सत्य त्याच्या पोटावर येतं. शिवाय त्याला कामाचं बक्षीस कामात सापडत नाही. ते त्याला बाहेरून हवं असतं. कुणीतरी वाहवा करावी, कुठेतरी नाव छापून यावं, वरच्याची मर्जी राहावी. ते मिळालं नाही की आपण इतकी वर्षं उगाच राबलो असं त्याला वाटू लागतं.

दुसरा माणूस याच्या उलटा. त्याला आपल्या मतांच्या इमारतीपेक्षा सत्य जास्त प्रिय असतं. नवा विचार आला आणि आपली इमारत त्यात बसत नसली तर तो ती स्वतःच्या हाताने पाडतो आणि पुन्हा बांधायला घेतो. दुसऱ्याच्या शोधाने आपला शोध खोटा ठरला तरी त्याचं काही हरवत नाही, कारण सगळ्या विचार करणाऱ्यांची कमाई तो सामाईक मानतो.

हे वाचलं की पहिली प्रतिक्रिया टाळी वाजवायची होते. दुसरी, थोड्या वेळाने, चिडायची.

पोटार्थी म्हणणं सोपं आहे

आपल्याकडे ‘पोटार्थी’ ही शिवी आहे आणि ती बहुतेक वेळा पोट भरलेल्या माणसाच्या तोंडून ऐकू येते. शिक्षण ज्ञानासाठी घ्यावं, नोकरीसाठी नाही, हे वाक्य शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रत्येक प्रमुख पाहुणा म्हणतो. त्या पाहुण्याला स्टेजवर बोलावण्याचं कारण मात्र त्याची नोकरीच असते.

माझ्या वर्गात थर्मोडायनॅमिक्सच्या प्रेमापोटी आलेला एकही मुलगा मला आठवत नाही. कुणाच्या डोक्यावर एज्युकेशन लोन होतं, कुणाच्या घरी शेतीचं गणित बसत नव्हतं, कुणाच्या धाकट्या बहिणीची फी याच्या पहिल्या पगारातून भरायची होती. या पोरांना सांगायचं की बाबांनो, तुम्ही विद्येचा अपमान करताय? ज्याच्या मागे घराचा हप्ता नाही त्याने ज्याच्या मागे आहे त्याला शुद्ध जिज्ञासेचे धडे द्यायचे, यात काहीतरी अश्लील आहे.

म्हणजे प्रश्न असा उभा राहतो. भाकरीसाठी शिकणं हे नैतिकदृष्ट्या खालच्या दर्जाचं आहे का? असेल, तर जगातल्या बहुतेक माणसांना आपण एका फटक्यात खालच्या पायरीवर बसवतो. नसेल, तर शिलर ज्याच्यावर तुटून पडतो तो दोष नक्की कोणता?

उत्तर शोधायला आधी हे सांगणाऱ्याची भाकरी कुठून येत होती ते बघितलं पाहिजे.

शिलरची भाकरी

शिलरचा जन्म १७५९ साली मारबाख गावी झाला. वडील व्युर्टेंबर्गच्या ड्यूकच्या लष्करात अधिकारी. पोराला धर्मशास्त्र शिकून पाद्री व्हायचं होतं. ड्यूकने त्याला तेराव्या वर्षी आपल्या लष्करी शिस्तीच्या शाळेत घातलं आणि वडिलांची नोकरीच ड्यूककडे असल्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. आधी कायदा, मग वैद्यक शिकून तो पलटणीचा डॉक्टर झाला. चोरून नाटक लिहिलं, ‘दरोडेखोर’. १७८१ साली कर्ज काढून ते स्वतःच छापलं. पुढच्या जानेवारीत मानहाइम शहरात त्याचा प्रयोग झाला आणि प्रेक्षक वेडे झाले. शिलर हा प्रयोग बघायला परवानगी न घेता गेला होता. पुन्हा एकदा तसाच गेला तेव्हा ड्यूकने त्याला चौदा दिवस कोठडीत टाकलं आणि वैद्यकाखेरीज काहीही लिहायला बंदी केली. सप्टेंबर १७८२ मध्ये, गावात शाही पाहुण्यांसाठी समारंभ चालू असताना, तो एका संगीतकार मित्राबरोबर रात्री पळून गेला.

पुढची काही वर्षं कर्जात गेली. क्योर्नर नावाच्या मित्राने त्याची देणी भागवली, त्याला राहायला घर दिलं, आणि त्या निश्चिंत दिवसांत ‘आनंदगीत’ लिहिलं गेलं, तेच पुढे बीथोवनने घेतलं. पण मित्राच्या जिवावर किती दिवस जगणार? ‘डॉन कार्लोस’ नाटकासाठी त्याने स्पेनच्या दुसऱ्या फिलिपच्या काळाबद्दल वाचन केलं होतं. त्यातून नेदरलँड्सच्या बंडाचा इतिहास लिहायला घेतला आणि १७८८ साली तो छापून आला. कविता सोडून हे काय धरलंस, असं क्योर्नरने विचारल्यावर शिलरने पत्रातून जे उत्तर दिलं त्याचा मथितार्थ कुठल्याही मध्यमवर्गीय मराठी घरात समजेल. इतिहासाला लोक मान देतात आणि पैसेही. नाटकापेक्षा कमी जीव काढावा लागतो आणि जास्त पदरात पडतं.

थोडक्यात, भाकरीसाठी विद्या शिकणाऱ्यांवर ताशेरे ओढणारा हा इतिहासकार स्वतः भाकरीसाठी इतिहासाकडे आला होता.

पुढची गंमत अशी की ती भाकरीही मिळाली नाही. गटेच्या शिफारशीने त्याला येनामध्ये प्राध्यापकी मिळाली, पण बिनपगारी. विद्यार्थी जी फी देतील तीच कमाई. वर एक भांडणही उपटलं. शिलरने छापील व्याख्यानावर स्वतःला इतिहासाचा प्राध्यापक म्हणवून घेतलं होतं. कागदोपत्री त्याची नेमणूक तत्त्वज्ञानाची होती, आणि इतिहासाची खुर्ची आधीच दुसऱ्याकडे होती. त्या गृहस्थांनी रीतसर हरकत घेतली. विषयाभोवती कुंपण घालणारा पोटार्थी विद्वान शिलरला कल्पनेने उभा करावा लागला नाही, तो शेजारच्याच खोलीत बसत होता.

१७९० साली लग्न ठरल्यावर वायमारच्या ड्यूकने त्याला वर्षाला दोनशे थालर मंजूर केले. त्यात संसार चालणं कठीण होतं. ‘तीस वर्षांच्या युद्धाचा इतिहास’ हा त्याचा मोठा ग्रंथ आला तो एका प्रकाशकाच्या ‘स्त्रियांसाठी ऐतिहासिक कॅलेंडर’ या वार्षिकात, हप्त्याहप्त्याने, मानधनावर. हे चक्क फ्रीलान्सिंग होतं.

मग दोष कशात?

याला ढोंगी म्हणून मोकळं होता येईल. पण व्याख्यान पुन्हा नीट वाचलं तर एक गोष्ट दिसते, जी पहिल्या वाचनात रागाच्या भरात निसटते. शिलर भाकरी मिळवण्याला कुठेच दोष देत नाही. माणूस काय काम करतो यावरून त्याची जात ठरत नाही, तो ते काम कसं हाताळतो यावरून ठरते, असं त्याने स्पष्टच म्हटलं आहे. लहानशा कोपऱ्यात काम करणाराही तत्त्वचिंतक असू शकतो, आणि मोठ्या खुर्चीवरचा विद्वानही पोटार्थी असू शकतो.

म्हणजे खरी परीक्षा पगार घेता की नाही ही नाही. तुम्हाला येतं ते चुकीचं किंवा शिळं ठरेल तेव्हा तुमचं काय होतं, ही परीक्षा आहे.

ही परीक्षा शिलरने स्वतः दिली आणि ती छापील आहे. तीस वर्षांच्या युद्धातला सगळ्यात गूढ माणूस म्हणजे सेनापती वालेनश्टाइन. सम्राटाचा हा सगळ्यात मोठा सरदार शत्रूशी संगनमत केल्याच्या संशयावरून १६३४ साली सम्राटाच्याच माणसांकडून मारला गेला. शिलरच्या ग्रंथात आधीच्या भागांत तो बहुतांशी महत्त्वाकांक्षी, सूडाने पेटलेला गद्दार म्हणून येतो. आणि मग, त्याचा खून सांगून झाल्यावर, शिलर थांबतो. तो वाचकाला सांगतो की या माणसाची गोष्ट आपल्यापर्यंत पोचली ती त्याच्या शत्रूंच्या लेखणीतून, त्याच्यावरच्या कित्येक आरोपांना पुरावा नाही. कदाचित आपण कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करतोय. तो बंडखोर होता म्हणून पडला, असं नाही. त्याला पाडलं जात होतं म्हणून तो बंडखोरीकडे ढकलला गेला.

आमच्या भाषेत सांगायचं तर कोड प्रोडक्शनवर गेलंय, आधीचे हप्ते वाचकांच्या घरात पोचलेत, आणि लेखक स्वतःच उघडपणे बग रिपोर्ट लिहितो. आधीचं मत झाकता आलं असतं, कॅलेंडर चाळणाऱ्या किती जणांच्या ते लक्षात आलं असतं? पुढे हाच प्रश्न त्याला सोडेना. १७९८-९९ मध्ये वालेनश्टाइनवर त्याने तीन भागांचं नाटक रंगभूमीवर आणलं. इतिहासकाराला जे सिद्ध करता येत नव्हतं ते कवीने शोधून पाहिलं. निर्णय घ्यायचं टाळत बसलेल्या माणसाचा निर्णय परिस्थिती कधी घेऊन टाकते?

इतिहासकार आणि कवी एकाच अंगात असण्याचे धोके होतेच. ‘मारिया श्टुअर्ट’ नाटकात त्याने स्कॉटलंडच्या मेरीची आणि इंग्लंडच्या एलिझाबेथची समोरासमोर भेट घडवली. त्या दोघी आयुष्यात कधी भेटल्या नव्हत्या. जोन ऑफ आर्कला जाळून मारलं हे जगाला माहीत आहे, त्याच्या नाटकात ती रणांगणावर मरते. इतिहास म्हणजे आपल्या कल्पनेचं कोठार, असं तो एका पत्रात मोकळेपणाने म्हणून गेला होता. पण इतिहास म्हणून लिहिताना त्याने या कल्पनांवर पुराव्याचा शिक्का मारला नाही. नाटकाला नाटक म्हटलं. आज सिनेमाच्या सुरुवातीला दोन सेकंदांची पाटी दाखवून पुढे तीन तास इतिहास म्हणून काहीही विकलं जातं, तेव्हा हा फरक लहान वाटत नाही.

आमच्या धंद्यातला पोटार्थी

आता हीच परीक्षा आमच्या धंद्याला लावून बघतो, कारण ज्ञान शिळं होण्याचा वेग इथे जितका आहे तितका क्वचितच कुठे असेल.

शिलरचा पोटार्थी आम्हाला पटकन ओळखू येतो. दहा वर्षं एकच सिस्टीम सांभाळणारा, तिचं डॉक्युमेंटेशन मुद्दाम न लिहिणारा सीनियर. सगळं त्याच्या डोक्यात, म्हणून त्याला हात लावायची कुणाची टाप नाही. नवं काही सुचवलं की ‘आपल्याकडे हे चालणार नाही’ हे उत्तर तयार. त्याचा माल तो जपून ठेवतो.

पण दुसरा एक प्रकार आहे आणि तो शिलरला दिसला नव्हता. याचा बदलाला विरोध अजिबात नसतो. उलट दर सहा महिन्यांनी तो नवं फ्रेमवर्क शिकतो, सर्टिफिकेटं गोळा करतो, ती लिंक्डइनवर टाकतो. गेल्या वर्षीचं तंत्रज्ञान कालबाह्य झालं हे तो सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात सांगतो. वरवर बघितलं तर तो शिलरच्या तत्त्वचिंतकासारखा दिसतो, जुनी इमारत पाडायला सदैव तयार. फक्त त्याने इमारत कधी बांधलेलीच नसते. तो भाड्याच्या तंबूत राहतो आणि वारा फिरला की तंबू हलवतो. कोड लिहून देणारी यंत्रं आल्यापासून तर हे तंबू रोज हलताना दिसतात.

एक दार घट्ट लावून बसलाय, दुसऱ्याने दारच काढून ठेवलंय. पण दोघांचं बक्षीस एकाच ठिकाणी आहे, बाहेर. एकाचं खुर्चीत, दुसऱ्याचं पुढच्या पॅकेजमध्ये. यावरून मला वाटतं की शिलरने सांगितलेल्या लक्षणांपैकी नव्याची भीती हे लक्षण वरवरचं आहे. मूळ दुखणं बक्षिसाच्या जागेत आहे. एखादी गोष्ट अशी का चालते, हे समजल्याचा आनंद ज्याला एकदा मिळालाय त्याला ती गोष्ट उद्या बदलली तरी काहीतरी हातात उरतं. ज्याला तो मिळाला नाही, त्याच्या हातात फक्त माल असतो. आणि मालाचा भाव बाजार ठरवतो.

असा आनंद पगारी कामात मिळतो का? मिळतो. रात्री दोन वाजता पेमेंट का अडकतंय ते शोधताना, तीन सिस्टीम ओलांडून शेवटी घड्याळांच्या वेळेतल्या काही मिलिसेकंदांच्या फरकापाशी येऊन पोचल्यावर जे वाटतं, त्यासाठी कुणी ओव्हरटाइम देत नाही. ज्या महिन्यात घराचा हप्ता जातो त्याच महिन्यात तेही घडतं. भाकरी आणि जिज्ञासा एका ताटात बसू शकतात.

थकलेल्यांबद्दल

तरीही एक मोठा आक्षेप उरतोच. ज्याच्या पोटावर नवं सत्य खरोखरच येतं, त्याच्या भीतीला आपण दोष म्हणायचं का? चाळिशीतला, दोन मुलांचा बाप असलेला टेस्टर एका सकाळी ऐकतो की त्याचं काम आता स्क्रिप्ट करणार आहे. त्याने सत्याच्या प्रगतीचं स्वागत करावं, अशी अपेक्षा कोण करू शकतं?

१७८९ च्या व्याख्यानात याचं उत्तर नाही. त्या संध्याकाळचा शिलर भलताच आशावादी होता. सगळे मागचे काळ आपल्या या सुसंस्कृत युगासाठीच राबत आले, असा त्याचा सूर होता. बरोबर सात आठवड्यांनी, तोही मंगळवारच, पॅरिसमध्ये बास्तीय पडलं. आणि ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या हजारो बायका व्हर्सायवर चालून गेल्या. त्यांची पहिली मागणी होती भाकरी. शिलरने ज्या शब्दाने विद्वानांना हिणवलं होतं, त्याच भाकरीने राजाला राजवाड्यातून उचलून राजधानीत आणलं.

क्रांतीने शिलरला आपला मानलं. १७९२ साली फ्रान्सने काही परदेशी लेखक-विचारवंतांना मानद नागरिकत्व दिलं, त्यात तो होता, फक्त त्याचं नाव ‘जील’ असं काहीतरी लिहिलं गेलं. ते प्रमाणपत्र त्याच्यापर्यंत पोचायला १७९८ उजाडलं. तोपर्यंत त्यावर सही करणारा दाँताँ गिलोटिनखाली गेला होता. हे नागरिकत्व मृतांच्या राज्यातून आलंय, असं गटे म्हणाला. दरम्यान, जानेवारी १७९३ मध्ये राजाचा शिरच्छेद झाल्यावर शिलरला त्या बातम्यांचीच किळस आली होती.

त्याच सुमारास त्याच्या स्वतःच्या आयुष्यात एक गोष्ट घडली. १७९१ मध्ये तो इतका आजारी पडला की तो गेल्याची अफवा डेन्मार्कपर्यंत पोचली. तिथल्या चाहत्यांनी त्याच्या स्मरणार्थ सोहळाही केला. तो जिवंत आहे हे कळल्यावर तिथल्या एका राजपुत्राने आणि एका मंत्र्याने त्याला तीन वर्षं, वर्षाला एक हजार थालर देऊ केले. बदल्यात काही मागितलं नाही. येनामधल्या पगाराच्या पाचपट. आयुष्यात पहिल्यांदा शिलरला भाकरीची चिंता नव्हती. या काळात त्याने त्या राजपुत्राला लिहिलेली पत्रं राजवाड्याला लागलेल्या आगीत जळाली, म्हणून ती नव्याने लिहून १७९५ साली त्याने ‘माणसाच्या सौंदर्यशिक्षणाविषयी पत्रं’ म्हणून छापली.

त्यातल्या आठव्या पत्रात तो विचारतो, ज्ञान इतकं वाढूनही आपण अजून रानटी का? आणि उत्तर देताना तो अशी गोष्ट कबूल करतो जी सहा वर्षांपूर्वीच्या त्या हॉलमध्ये त्याला सुचली नव्हती. बहुतेक माणसं गरजेशी झुंजून इतकी थकलेली असतात, की त्यांच्यात अज्ञानाशी नवी झुंज घ्यायची ताकदच उरत नाही. अशांना दोष देऊ नये, त्यांच्याबद्दल कणव वाटावी. दोष द्यायचाच तर दुसऱ्यांना. ज्यांना नशिबाने गरजेतून मोकळं केलंय आणि तरीही जे आपल्या मर्जीने अंधारात पडून राहतात, त्यांना.

हे लिहिणाऱ्याला आपली स्वतःची मोकळीक कुठून आली हे पक्कं ठाऊक होतं. पुढे ‘माणसाची प्रतिष्ठा’ या चिमुकल्या कवितेत तर त्याने आधी अन्न-निवाऱ्याचं बघा, प्रतिष्ठेचं नंतर आपोआप होईल, अशाच अर्थाचं लिहिलं.

१७८९ च्या शिलरला १७९५ च्या शिलरने दुरुस्त केलं, आणि माझ्या मते या दुरुस्तीत मूळ प्रश्नाचं उत्तर आहे. भाकरीसाठी शिकणं हा दोष नाही. भाकरी जाण्याची भीती हाही दोष नाही, ती दूर करणं ही समाजाची जबाबदारी आहे. दोष सुरू होतो तो भाकरीची सोय झाल्यानंतर. पोट भरल्यावरही जो पोटार्थीच राहतो, तिथे.

यामुळे चिडायची माझी सोय मात्र गेली. लोन असलेल्या पोराचा कैवार घेऊन शिलरशी भांडता येत होतं. पण माझ्यासारख्या कित्येकांचं लोन फिटलंय. महिन्याच्या एक तारखेला पगाराचा मेसेज येतो. रात्री जेवायला काय मागवायचं याचा विचार करण्यात वीस मिनिटं जातात. मोठमोठ्या देशांतल्या बहुसंख्य माणसांच्या तुलनेत आम्ही गरजेतून मोकळे झालेले लोक आहोत. तरीही बॅचच्या ग्रुपवर चर्चा असते ती कोण किती टक्क्यांवर स्विच झाला याची. आम्ही जे अल्गोरिदम लिहितो त्याने कुणाला कर्ज मिळतं, कुणाला नाकारलं जातं, कुठल्या डिलिव्हरीवाल्याला किती मिनिटांत पोचायला लागतं, हे विचारणं सिलॅबसबाहेरचं समजलं जातं. ‘ते प्रॉडक्टवाल्यांचं काम.’ हेच ते कुंपण. थकवा हे कारण आम्हीही पुढे करतो, आणि तो थकवा खराही असतो, पण तो भुकेचा नसतो.

रिकामी शवपेटी

शिलर १८०५ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी वायमारमध्ये गेला. त्याला एका सामाईक दफनगृहात ठेवलं गेलं. वीसएक वर्षांनी त्याचे अवशेष शोधायला गेले तेव्हा तिथे अनेकांची हाडं एकत्र झालेली होती. सगळ्यात मोठी, देखणी कवटी त्याचीच असणार, असं ठरलं. गटेने ती काही काळ आपल्या घरी आणून ठेवली. १८२७ मध्ये ते अवशेष राजघराण्याच्या दफनगृहात हलवले गेले. पुढे गटेची शवपेटी त्याच्या शेजारी ठेवली, आणि लोक पिढ्यान् पिढ्या तिथे दर्शनाला येत राहिले. विसाव्या शतकात दुसऱ्या एका कवटीने दावा सांगितला, म्हणून वाद चालू होता.

या दफनगृहाचा सांभाळ करणारी वायमारची संस्था शिलर आणि गटे यांच्या नावावरच उभी आहे. तिला वाद तसाच ठेवता आला असता, पर्यटक तरीही आले असते. पण तिने एका प्रसारण संस्थेबरोबर मिळून डीएनए तपासणी करून घेतली. शिलरच्या नातेवाइकांचे अवशेष उकरून त्यांच्याशी जुळवून पाहिलं. २००८ साली निकाल जाहीर झाला. दोन्ही कवट्या शिलरच्या नाहीत.

नंतर तिथे दुसरं काही ठेवलं नाही. गटेच्या शेजारची ती शवपेटी आज रिकामी आहे, वर शिलरचं नाव तसंच आहे, आणि ती रिकामी आहे हे माहीत असूनही लोक येतात.